फोटो नसला तरी

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. कंत्राटी. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, खोक्याला चिकटपट्टी मारायची, की पुढचं खोकं. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस नाक्यावर सोडायची. घरी येऊन चहा घेतला की मी कागद पुढ्यात ओढायचे. चेहरे काढायचा नाद मला शाळेपासूनचा. झाडं, डोंगर, नदी यांत माझं मन कधी रमलं नाही. माणसाचा चेहरा मात्र कितीही वेळ बघत बसावा असं वाटे. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कुणी नोकरीतून निवृत्त झालं, की त्याचं पेन्सिलीचं चित्र मी काढून द्यायचे. लोक ते बाहेरच्या खोलीत लावायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. तेवढ्यात सगळं आलं असं मला वाटायचं.

घरात मी आणि आप्पा, दोघंच. आप्पा एसटीत कारकून होते, आता पेन्शनवर. आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. धाकटा भाऊ मुंबईला, मोबाइलची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीत जाहिरातीचं काम बघायचा. मी लग्न केलं नाही. त्याला काही मोठं कारण नाही, जमलं नाही इतकंच.

मग तो जुलै आला. सावित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि आमच्या घरात माळ्यापर्यंत चढलं. आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो. पाणी उतरल्यावर घरात पाऊल ठेवलं, तर पोटरीपर्यंत चिखल. भांडी धुता आली, कपडे काही धुतले, काही टाकले. फोटोंचं मात्र काही करता येईना. फ्रेम उघडायला जावं तर चेहरा काचेलाच चिकटून निघायचा आणि हातात पांढरा कागद राहायचा. आईचा फोटो तसाच गेला. आप्पा ती काच धरून ओट्यावर बराच वेळ बसले होते. मग त्यांनी ती नळाखाली धुतली. काय करतायत ते त्यांच्या लक्षात यायच्या आत काच स्वच्छ झाली.

पोलादपूरला मामाच्या घरी आईचा एक फोटो होता. रस्ता सुरू झाल्यावर मी तिकडे गेले, मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेतला आणि त्यावरून आईचं चित्र काढून आप्पांना दिलं. ते बघून शेजारच्या काकी आपल्या नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. अर्धा चेहरा गेलेला, एक डोळा आणि मिशीचा कोपरा तेवढा शिल्लक. मी त्या काकांना लहानपणापासून पाहिलेलं होतं, त्यामुळे उरलेला चेहरा हाताला आपोआप सापडला. काकी चित्र बघून रडल्या नाहीत. "हे असंच बघायचे माझ्याकडं, भाजीत मीठ कमी पडलं की," एवढंच म्हणाल्या. मग गल्लीतून, पलीकडच्या आळीतून, विहाराच्या मागच्या वस्तीतून लोक येऊ लागले. सगळ्यांकडे ओले, फुगलेले, एकमेकांना चिकटलेले फोटो. मी पाळीवरून आले की दारात कुणीतरी बसलेलं असायचं.

भाऊ मुंबईहून कायमचा परत आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. कंपनीने दुकानं बंद केली होती. तो पहिले काही दिवस नुसता पडून असायचा. मग माझ्या दारातली माणसं बघायला लागला.

"ताई, हे सगळं तू फुकट देतेस?"

"त्यांचे गेलेले फोटो आहेत रे. त्याचे काय पैसे घ्यायचे?"

"यांचे नको घेऊस. पण बाहेरचे लोक आहेत ना. पुण्यामुंबईचे. आपल्याकडे टॅलेंट आहे आणि आपण त्याचं काहीच करत नाही. मी आहे ना, मी करतो मार्केटिंग."

कितीतरी महिन्यांनी मी त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड बघितला. मला नाही म्हणवलं नाही. आप्पा तर हरखूनच गेले. आमच्या घराण्यात आजवर कुणी धंदा केला नव्हता.

भावाने माझ्या नावाचं पेज काढलं. माझा हात, पेन्सिल, कागदावर उमटणारा डोळा, असे छोटे छोटे व्हिडिओ टाकायला लागला. थोड्या लोकांनी बघितले, तेही ओळखीचेच. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो, तेव्हा त्याने पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगेत आमचंही एक टेबल लावलं. मागे मोठा बॅनर, पुढे माझी चित्रं. लांबून लांबून आलेले लोक थांबायचे, वाकून बघायचे. "छान काढलंय," म्हणायचे आणि पुस्तकांच्या टेबलाकडे वळायचे. एका शिक्षिकेने तेवढी आपल्या वडिलांच्या चित्राची ऑर्डर दिली. संध्याकाळी भावाने टेबल भराभर आवरलं. मला वाटलं, त्याने नाद सोडला.

घरी आल्यावर म्हणाला, "आपली चूक माझ्या लक्षात आली. चित्र कुणी विकत घेत नाही, ताई. चित्रामागची गोष्ट घेतात. आपण गोष्ट सांगितलीच नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने मला खिडकीपाशी बसवलं, आईचं चित्र पुन्हा काढायला सांगितलं आणि समोर मोबाइल लावला. पुराबद्दल बोल म्हणाला. मी बोलले. आमच्या घरातला आईचा फोटो पुरात गेला, आप्पांनी ती काच धुतली, हे सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मामाकडच्या फोटोचंही सांगितलं. त्याने व्हिडिओ जोडला, तेव्हा मामाकडचं ते वाक्य त्यात राहिलं नाही. शेवटी आईचा चेहरा पूर्ण होतो आणि त्यावर अक्षरं येतात: फोटो नसला तरी चेहरा परत मिळतो.

"अरे, पण फोटो होता," मी म्हटलं.

"आपल्या घरात नव्हता ना? मग? ताई, मोठा व्हिडिओ कुणी बघत नाही. कुठंतरी कापावं लागतंच."

तो व्हिडिओ पसरला. किती लोकांनी बघितला ते भाऊ मला सारखं येऊन सांगायचा, मला त्या आकड्यांचा अर्थ लागायचा नाही. परदेशातून लोक लिहायला लागले. मामींनी फोन केला, "अगो, तुझ्या आईचा फोटो तर आमच्या भिंतीवर हाय की! मी लिहिलं तसं खाली, तर लोक मलाच खोटारडी म्हनतात." मी त्यांची माफी मागितली. भाऊ म्हणाला, त्यांची ती कमेंट इतक्या खाली गेलीय की कुणाला दिसणार नाही.

ऑर्डरी इतक्या आल्या की मी नोकरी सोडली. मला ती सोडायची नव्हती. पाळीतल्या बायका, बसमधला आरडाओरडा, डब्यातली देवाणघेवाण, यांची मला सवय झाली होती. पण रोज सकाळी भाऊ यादी वाचायचा आणि आप्पा माझ्याकडे बघायचे. भावाने कॉलेजातल्या दोन मुली कामाला घेतल्या. खालून दिवा लावलेल्या काचेवर फोटो ठेवून त्या बाहेरची रेघ काढायच्या, केस भरायच्या. डोळे आणि ओठ माझ्याकडे. दिवसभर माझ्यापुढे डोळे यायचे. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाचा साहेब, कुणाचं कुत्रंसुद्धा. ज्यांना मी कधी बघितलं नाही, बघणार नाही, त्यांचे डोळे. चित्रं चांगली व्हायची, लोक खूश होते, घराला नवीन रंग लागला. भाऊ सकाळी दाढी करून शर्ट इन करून बसायचा. त्याला पुन्हा माणसात आलेला बघून मला बरं वाटायचं, हे खरं आहे.

ती बाई आली ती पावसाळा संपताना. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. ज्या पावसात आमच्या घरात पाणी आलं, त्याच पावसात तिथे कडा खाली आला. बाईबरोबर तिचा दीर होता. तो मुंबईला गोडाऊनमध्ये कामाला. त्याने व्हिडिओ बघून तिला आणलं होतं. बाई माझ्याहून थोडी मोठी असेल. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, भिंतीला टेकून खालीच बसली.

"माजी पोर काडून दे, बाय," ती म्हणाली.

मी फोटो मागितला. ती दिराकडे बघायला लागली.

"फोटो नाय ना, मॅडम," दीर म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडं आलो. घर गेलं त्यात सगळंच गेलं. माझ्या जुन्या मोबाइलमध्ये होते दोन, तो मोबाइल पण खराब झाला."

"शाळेत असेल की. वर्गाचा फोटो काढतात."

"त्या दिवशी ताप होता तिला," बाई म्हणाली. "मीच घरी ठेवली."

आधार कार्डावरचा फोटो त्याने केंद्रातून काढून आणला होता. त्यात पाचएक वर्षांची एक मुलगी होती, रडवेली, छपाईत काळी पडलेली, अर्ध्या कपाळावर सावली. गेली तेव्हा ती सातवीत होती.

"मावशी, यावरून नाही हो काढता येणार," मी म्हटलं.

"तुज्या आयेचा तरी कुठं फोटो होता?" ती शांतपणे म्हणाली. "तू काडलंस ना. मी बगितला. दिरानं दावला मोबाइलवर. तशी माजी पोर काड."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिला सगळं सांगितलं. मामाकडे फोटो होता, त्यावरूनच मी काढलं, व्हिडिओत ते आलं नाही, न बघितलेला चेहरा मनातून काढायची विद्या माझ्याकडे नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदराची गाठ सोडायला लागली.

"पैशे हायत, बाय. सरकारनं दिलेत. आमी फुकट नाय मागत."

"पैशांसाठी नाही म्हणत मी."

"मग काय आमी डोंगरातली म्हनून? तळीयेला दरड पडली तिथं सगळे धावले, टीव्हीवाले गेले. आमच्याकडं कोन नाय आलं. तू पण नाय म्हन."

ती हे रागाने बोलली नाही. तिला जे कळलं ते ती बोलली. खरं सांगून झालं होतं. भाऊ दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. मी कागद घेतला.

"सांगा, कशी होती?"

"चांगली होती," ती म्हणाली.

"तसं नाही. कपाळ कसं होतं? मोठं?"

"कपाळ... मानसाचं असतं तसं." ती विचारात पडली. "केस लई होते. तेल लावताना पळून जायची. हसायची लई. हसली की मी वरडायची, दात झाक म्हनून."

नाक कसं, विचारलं तर म्हणाली माज्यासारखं. मी तिचं नाक काढलं, तर म्हणाली, नाय, असं नाय, बापासारखं. बापाचा फोटोही नव्हता. तोही त्याच मातीत. मग मी दिराला समोर बसवलं, बापाचा सख्खा भाऊ म्हणून त्याच्या चेहऱ्यातून काही मिळतंय का बघितलं. त्या दिवशी कितीतरी कागद झाले. प्रत्येक चेहरा हातात घेऊन ती डोळ्यांजवळ न्यायची, लांब धरायची आणि परत द्यायची. "ही नाय."

ती परत आली, पुन्हा आली. पोलादपूरहून एसटीने यायची, दुपारपर्यंत बसायची. आधारवरच्या त्या लहान मुलीला मी कागदावर मोठी करून बघितलं. ओठ रुंद केले, हनुवटी बदलली, दोन वेण्या घातल्या. हसरी काढली, गप्प काढली. बाकीच्या ऑर्डरी मागे पडल्या तरी भाऊ काही बोलला नाही. मुली काम करता करता हळूच आमच्याकडे बघायच्या. मी मुलीबद्दल विचारायचे आणि ती सांगायची. शेळीच्या पिलाला दप्तरात घालून शाळेत नेलं होतं ते, बापाच्या चपला घालून फिरायची ते, भात उकळताना झाकण उघडून बघायची ते. त्या मुलीचं चालणं, बोलणं, हट्ट, सगळं मला ठाऊक झालं. चेहरा मात्र काही केल्या येईना.

शेवटच्या दिवशी मी एक चित्र पुढे केलं. आधीच्यांपेक्षा ते काही वेगळं नव्हतं. तिने ते घेतलं, बघितलं आणि मग चित्र सोडून माझ्याकडेच बघत राहिली. माझे डोळे सुजलेले होते, बोटं शिसाने काळी झाली होती.

"हीच," ती म्हणाली.

"मावशी, खरं सांगा. ही आहे?"

"हीच गो. बस झाला आता. लई तरास दिला तुला."

तिने चित्र पदरात गुंडाळलं. दीर मोबाइलवर सगळं घेत होता, ते मला नंतर कळलं. भावानेही घेतलं होतं. ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, "हे टाकायचं नाही." असा व्हिडिओ पुन्हा मिळणार नाही हे त्याला कळत होतं. तरी त्याने माझ्यासमोर तो पुसून टाकला. भावाने माझा शब्द राखला. पण दिराने आपला व्हिडिओ मुंबईतल्या गाववाल्यांच्या ग्रुपवर टाकला. त्याला उपकार फेडायचे होते. फोटो नसताना हुबेहूब चेहरा काढणारी महाडची ताई, असं त्याने वर लिहिलं होतं. तिथून तो कुठे कुठे गेला, ते आमच्या हातात राहिलं नाही.

मला चैन पडेना. दिवाळी झाल्यावर मी मामाकडे जायचं निमित्त केलं आणि तिथून जीपने वर गेले. त्या लोकांना तेव्हा रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्या दिलेल्या होत्या. बाईने मला ओळखलं, हाताला धरून आत नेलं. समोरच्या पत्र्यावर चित्र लावलेलं होतं. काच, चौकट, झेंडूची माळ. मला वाटलं होतं, ते कुठल्यातरी ट्रंकेत असेल. शेजारच्या बायका जमल्या. "अगदी तीच हाय, बाय. आता बोलंल वाटतं," एक जण म्हणाली. एक शाळेतली मुलगी बरोबर होती, गेलेल्या पोरीच्याच वर्गातली. ती चित्राकडे बघत उभी होती. मी तिला विचारलं, "अशीच दिसायची का ग?" तिने आधी चित्राकडे बघितलं, मग बायकांकडे, आणि मान डोलावली.

बायका गेल्यावर मी बाईजवळ बसले. तिने चहा केला होता. मला विचारायचं धाडस होत नव्हतं, पण त्यासाठीच मी आले होते.

"मावशी, तुम्ही माझ्यासाठी हो म्हणालात ना, त्या दिवशी?"

ती थोडी हसली. "तू किती करनार होतीस गो?"

"मग हे लावलंत कशाला?"

"मोकळा पत्रा बगवत नव्हता." तिने चहाचा घोट घेतला. "आदी डोळं मिटलं की ती दिसायची. भाताचं झाकन उगडताना, तशी. आता डोळं मिटलं की ही दिसते. ती येतच नाय आता. मी लई आटवते, तरी हीच येते."

ती तक्रार करत नव्हती. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं सांगत होती. मी चित्र परत मागितलं. काढून ठेवूया, म्हटलं, कदाचित ती परत दिसेल. बाई घाबरून उठली आणि चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"ही पन नेलीस तर मग कोन?" ती म्हणाली.

मी चहा संपवला. जीप मिळेपर्यंत ती रस्त्यावर माझ्याबरोबर उभी राहिली. निघताना तिने पिशवीत नाचणी घालून दिली आणि आप्पा भाकरी खातात ना, असं विचारलं.

घरी येऊन मी भावाला सांगितलं, पेजवरचं ते वाक्य काढ. त्याने लगेच काढलं. जुना व्हिडिओही काढला. पण तो लोकांनी उचलून आपापल्या पेजवर टाकलेला आहे, तिथून त्याला काढता येत नाही. कुणालाच येत नाही, म्हणतो. धंदा चांगला चालला आहे. आता मुली चार झाल्या, हायवेजवळ एक गाळा घेतला आहे, बाहेरच्या बोर्डावर माझा फोटो आहे. ओळखीचे लोक म्हणतात, नशीब काढलंस. कला सगळ्यांकडे असते, ती विकायची अक्कल लागते, असं आप्पा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि भावाच्या पाठीवर हात ठेवतात. यात खोटं काही नाही.

आणि फोटो नसलेली माणसं येत राहतात. कुणाची मुलं गेलेली, कुणाचा भाऊ, कुणाची फार पूर्वी वारलेली आई, जिचा फोटो कधी काढलाच नव्हता. मी नाही म्हणते. दरवेळी सगळी हकीकत सांगते, अगदी पहिल्यापासून. काही जण उठून जातात, काही माझ्यावर चिडतात. बरेचसे नुसते बसून राहतात.

परवा एक म्हातारं जोडपं आलं. खाडीपट्ट्यातलं. त्यांचा मुलगा लहानपणी नदीत गेला होता, तेव्हा त्यांच्या घरात कुणी फोटो काढलेला नव्हता. मी त्यांना सांगितलं की मी काढीन तो तुमचा मुलगा नसेल. मग हेही सांगितलं की त्या चित्रामुळे तुम्हाला जो आठवतोय तोसुद्धा जाईल, असं एका आईचं झालेलं आहे. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आमाला आता तसा पण काय आटवत नाय," तो म्हणाला. "जसा निगंल तसा काडा. पोरगा असला म्हंजे झाला."

मुली आपापल्या काचेवर वाकलेल्या होत्या. भावाने माझ्याकडे बघितलं. मी कोरा कागद फळीला लावला आणि म्हाताऱ्याला विचारलं, केस कसे होते.

"केस होते," तो म्हणाला, आणि बायकोकडे बघायला लागला.